पूर्व आघाडीचा युद्धपट : सहाएक महिने खेळल्यानंतर

जर्मनी विरुद्ध सोव्हिएत संघ, १९४१ ते १९४५, असा हा पटावरचा खेळ. पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, आता दिवाळीही झाली. बहुतेक शनिवारी मेहुण्याबरोबर डाव मांडतो. नकाशा एवढा मोठा की डायनिंग टेबल अपुरं पडतं. सोंगट्या जाड पुठ्ठ्याच्या, अजून कोपरे झिजले नाहीत. नियमपुस्तिका मात्र वैताग आहे. रसदीचा नियम तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांत दिलाय.

'रशियाच्या थंडीने हिटलरला हरवलं' हे आपण शाळेपासून ऐकतो. इथे पहिला दणका बसतो तो चिखलाचा. ऑक्टोबर १९४१ ची पाळी आली, हवामानाच्या फाशात चिखल आला की जर्मन सोंगट्या जेमतेम एक घर सरकतात. खरंही तसंच घडलं. मॉस्कोच्या पश्चिमेला व्याझ्माजवळ जर्मनांचा मोठा वेढा यशस्वी झाला आणि मग कच्चे रस्ते पावसाने गिळले. जर्मनांची बरीचशी रसद आणि तोफा घोडेच ओढत होते. गंमत म्हणजे पुढच्या पाळीत जमीन गोठली की जर्मन बाजूने खेळणारा मेहुणा खूश होतो, कारण रणगाडे पुन्हा धावतात. त्याच्याही पुढच्या पाळीत थंडीने इंजिनं सुरू होत नाहीत!

सगळ्यात आवडलेला भाग रेल्वेचा. सोव्हिएत रुळांमधलं अंतर जर्मन रुळांपेक्षा जास्त, त्यामुळे जर्मन खेळाडूला रूळ आपल्या मापाचे करत करत पुढे जावं लागतं. गाड्या मोजक्याच. दारूगोळा आणायचा की हिवाळी कपडे? मेहुणा दर वेळी दारूगोळाच आणतो. १९४१ मध्ये जर्मनांनीही तेच केलं, कपड्यांचे गठ्ठे मागे गोदामांत पडून राहिले. म्हणजे थंडी सगळ्यांनाच होती, पण कोट पोचवण्याची सोय सोव्हिएतांकडेच होती.

सोव्हिएत बाजूने खेळताना उन्हाळ्यातच जीव टांगणीला लागतो. त्याच गाड्यांनी सैन्य पश्चिमेला न्यायचं की कारखाने पूर्वेला? खारकोव्हचा रणगाडा कारखाना निझनी तागिलला, लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्याची यंत्रं चेल्याबिन्स्कला, दोन्ही ठिकाणं दूर पूर्वेला उरल पर्वताच्या भागात. हलवलेला कारखाना काही पाळ्या काहीच देत नाही. प्रत्यक्षात असे पंधराशेच्या वर मोठे कारखाने हलले, आणि १९४२ मध्ये सोव्हिएत संघाने रणगाडे आणि रणगाड्यांसारख्या स्वतः चालत जाणाऱ्या तोफा मिळून सुमारे २४,००० बनवले. जर्मनीचा आकडा साधारण ६,०००. एका डावात ऑक्टोबरभर कोरडी हवा राहिली, मेहुण्याने मॉस्को घेतलं, तरी १९४३ उजाडेपर्यंत उरलमधून इतक्या सोंगट्या उतरल्या की तोच वैतागून उठला. माझं मत असं की हवामानाने सोव्हिएतांना फक्त वेळ मिळवून दिला, आणि तो कारखान्यांनी वापरला.

तक्रारी दोन. पहिली, अमेरिकन मदत एका सोंगटीत गुंडाळलीय. चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप मिळाल्या म्हणूनच तर लाल सेना (सोव्हिएत सैन्य) १९४४ मध्ये इतकी भराभर पुढे सरकली. दुसरी, हिवाळ्याचा तक्ता चारही वर्षं तोच. पुढच्या हिवाळ्यांत जर्मन सैनिकांकडे बरे कपडे होते, खेळाला त्याचं काही नाही.

पूर्ण मोहिमेला बरेच शनिवार जातात. नव्यांनी आधी मॉस्कोचा छोटा डाव घ्यावा, तो एका संध्याकाळी उरकतो. आणि सोंगट्यांसाठी खोक्यातल्या पिशव्या वापरू नका, मेडिकलमध्ये मिळतो तो आठवड्याच्या गोळ्यांचा खणांचा डबा चांगला. दोन घ्या.