भयपटाची जाहिरात: भिंतीवरचं पोस्टर की मोबाइलवरचा टीझर?

सांगलीत कॉलेजच्या पोरांनी भयपट केला की पहिला वाद ठरलेला: पैसे पोस्टरवर घालायचे की टीझरवर? माझा कौल पोस्टरला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, तिथे विश्रामबागच्या चहाच्या टपरीवर चिकटवलेला कागद आजही वाचला जातो.

पण छापताना अंधार दगा देतो. स्क्रीनवर जिन्यावरची आकृती स्वच्छ दिसते, कागदावर नुसता काळा गोळा उतरतो. म्हणून फाइल आरजीबीतून (स्क्रीनच्या रंगांतून) सीएमवायकेत (छपाईच्या शाईच्या रंगांत) बदला, सावल्या जरा उजळ करा आणि गठ्ठा छापायच्या आधी ए-थ्रीचा एक नमुना काढून ट्यूबलाइटखाली बघा. ही पायरी अजिबात गाळू नका.

टीझर स्वस्त पडतो, झटकन पोचतो, शिवाय आवाजाची भीती फक्त त्यातच. मात्र बरेच जण तो आवाज बंद ठेवूनच बघतात, तेव्हा नाव-तारीख अक्षरांत हवीच. फ्रेम उभी, रुंदी-उंचीचं प्रमाण नऊ बाय सोळा.

दोन्ही करणार असाल तर चित्र आणि अक्षरांचं वळण एकच ठेवा. हॉल पक्का झाल्याशिवाय तारीख छापू नका. टीझर रात्रीत बदलतो, पोस्टरवर मात्र गावभर पट्ट्या चिकटवत फिरावं लागतं.