अल्जेब्रा टाइल्सचा संच: कामाचा, पण पट्टीची लांबी चुकलेली

माझा मुलगा यंदा दहावीला आहे. नववीच्या पुस्तकातील ‘बहुपदी’ हे प्रकरण कसेबसे पार पडले होते आणि त्याची थकबाकी दहावीच्या ‘वर्गसमीकरणे’ या प्रकरणात वसूल होऊ लागली. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव तो पाडत असे (पुस्तकातील एक्सला मी जुन्या सवयीने क्ष म्हणते), पण मधल्या पदाची फोड २ आणि ३ अशीच का करायची, असे विचारले की ‘सरांनी तशीच करून दाखवलीय’ एवढेच उत्तर येई. म्हणून भाऊसिंगजी रोडवरील शालेय साहित्याच्या एका दुकानातून फोमच्या अल्जेब्रा टाइल्सचा संच ३४० रुपयांना आणला आणि दोन महिने वापरल्यावर हे लिहीत आहे.

खोक्यात ६ मोठे चौरस, १२ पट्ट्या आणि ३० लहान चौरस निघाले. मोठा चौरस म्हणजे क्ष², पट्टी म्हणजे क्ष आणि लहान चौरस म्हणजे १. प्रत्येक तुकड्याची मागची बाजू लाल असून ती उणे चिन्हासाठी आहे. एक चौरस, पाच पट्ट्या आणि सहा लहान तुकडे घेऊन त्यांचा सलग आयत करायचा, एवढाच खेळ. मुलाने आधी सहा तुकडे एका ओळीत लावून पाहिले, तर आयत पुरा व्हायला सात पट्ट्या लागत होत्या आणि हातात पाचच होत्या. मग त्याने दोनाच्या तीन ओळी केल्या आणि आयत बसला. त्याच्या बाजू क्ष + २ आणि क्ष + ३. गुणाकार ६ आणि बेरीज ५ या दोन्ही अटी एकदमच का पाळाव्या लागतात, हे घरच्या सतरंजीवर दहा मिनिटांत स्पष्ट झाले.

पूर्ण वर्ग पद्धतीसाठी, म्हणजे डावी बाजू पूर्ण वर्ग करून समीकरण सोडवण्यासाठी, तर हा संच फारच चांगला आहे. क्ष² + ६क्ष = १६ घेतले, चौरसाच्या दोन बाजूंना तीन-तीन पट्ट्या लावल्या की कोपऱ्यात नऊ तुकड्यांची जागा रिकामी दिसते. ती भरली की उजवीकडेही ९ मिळवावे लागतात, २५ होतात, बाजू ५ येते आणि क्ष = २ मिळतो. दुसरे मूळ (म्हणजे दुसरे उत्तर) −८ मात्र टाइल्समध्ये दिसणे शक्य नाही, कारण बाजूची लांबी उणे नसते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी असेच चौरस मांडून वर्गसमीकरणे सोडवली, तेव्हा त्यांनाही धन मूळच मिळाले होते. तेव्हा २५ चे वर्गमूळ घेताना −५ हेही असते, ही गोष्ट कागदावर वेगळी सांगावी लागते.

आता तक्रार. लहान चौरस २ सेंटीमीटरचा आणि पट्टी बरोबर १० सेंटीमीटरची आहे, म्हणजे पट्टीवर नेमके पाच तुकडे बसतात. पहिल्याच संध्याकाळी मुलाने ते लावून पाहिले आणि ‘आई, एक्स पाचच आहे की गं!’ म्हणाला. त्याचे काहीच चुकले नव्हते. क्ष कितीही असू शकतो हे ज्या वस्तूने शिकवायचे, तिनेच त्याला ५ करून टाकले. पट्टीची लांबी लहान तुकड्यांनी पूर्ण मोजता येऊ नये, हा अशा साहित्याचा पहिला नियम आहे. अखेर जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून ११.३ सेंटीमीटरच्या पट्ट्या आणि तेवढ्याच बाजूचे चौरस आम्ही कापून घेतले, आणि हल्ली तेच वापरतो.

मधला सहगुणक विषम असला की अडचण होते, कारण क्ष² + ५क्ष = १४ मध्ये प्रत्येक बाजूला अडीच पट्ट्या येतात. जुन्या काळातील भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत येथे उपयोगी पडते: दोन्ही बाजूंना ४ ने गुणून ४क्ष² + २०क्ष = ५६ करायचे आणि २५ मिळवायचे; मग (२क्ष + ५)² = ८१ होते आणि अर्धी पट्टी कुठेच लागत नाही. पण त्यासाठी २० पट्ट्या हव्यात आणि खोक्यात १२ आहेत.

लाल बाजूचा उपयोग बेरीज-वजाबाकीपुरताच ठेवावा. क्ष² − क्ष − ६ मांडताना दोन पट्ट्या हिरव्या (पुढच्या) बाजूने आणि दोन लाल बाजूने जास्तीच्या घालाव्या लागतात, आणि उणे क्षेत्रफळ म्हणजे काय हे मुलाला समजावता समजावता मूळ गणित बाजूलाच राहते. अशी उदाहरणे, तसेच शेष सिद्धांत आणि क्ष³ असलेल्या बहुपदी, यांसाठी वहीच बरी.

पट्टीची लांबी दाखवायला मी खोके घेऊन दुकानात परत गेले होते. दुकानदारांनी कुरकुर न करता दुसरे खोके फोडले आणि मोजपट्टी लावून पाहिली. त्यातही नेमके दहाच सेंटीमीटर भरले.