माकडताप आणि डेंग्यू: बदलण्याचा वेग वेगळा

गोव्यात काजूच्या हंगामात सत्तरी तालुक्याच्या रानात गोचिडीची, म्हणजे माकडतापाची भीती; पावसाळ्यात पणजी-मडगावात डासाची, म्हणजे डेंग्यूची. दोन्ही विषाणू एकाच फ्लॅव्हिव्हायरस कुळातले. दोघांचाही जीनोम, म्हणजे जनुकीय मजकूर, सुमारे ११ हजार अक्षरांचा, एकपदरी आरएनएचा. नक्कल करताना होणाऱ्या चुका तपासून दुरुस्त करायची सोय दोघांकडेही नाही, म्हणजे दोघेही भराभर बदलायला हवेत.

तरीही माकडतापाचा विषाणू सावकाश बदलतो. मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं. गोचीड प्रत्येक अवस्थेत एकदाच पोटभर रक्त पिते, मग कित्येक महिने तशीच राहते. विषाणू तिच्यातच मुक्कामाला असतो, त्यामुळे वर्षभरात त्याच्या पिढ्या कमी होतात. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आढळला. माणसाकडून माणसाला तो होत नाही. आपल्यापाशी त्याची वाट संपते.

डेंग्यूचं उलट. एडिस डास पुन्हा पुन्हा चावतो, माणूस-डास-माणूस हे चक्र काही आठवड्यांत पूर्ण होतं. त्याचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराच्या वेळी आजार वाढवूही शकते, म्हणून लस बनवणं अवघड. आमच्या काजू वेचणाऱ्या बायांना मात्र आज गरज आहे ती माकडतापाच्या चांगल्या लशीची.