स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर किट: निडल वापरा, जेट पाकिटातच राहू द्या

गाडी उभी केली की कार्ब्युरेटरखालच्या नळीतून पेट्रोल टपकतं, सकाळी किक मारून मारून पाय भरून येतो, प्लग काढावा तर ओला आणि काळा. असं झालं की गॅरेजात पहिलं नाव निघतं ते कार्ब्युरेटर किटचं. सुट्या भागांच्या दुकानात बिननावाच्या पाकिटात हा किट शे-दोनशे रुपयांत मिळतो. आत फ्लोटची निडल, चेंबरची मोठी ओ-रिंग (रबरी कडी), दोन-तीन लहान ओ-रिंग, मेन जेट, स्लो जेट, ट्युनिंगचा स्क्रू आणि त्याची स्प्रिंग असते. चेंबर म्हणजे कार्ब्युरेटरखालची पेट्रोल साठणारी वाटी, फ्लोट म्हणजे तिच्यातला तरंगणारा भाग; पेट्रोल भरलं की तो निडल तिच्या पितळी सीटवर दाबून पेट्रोल थांबवतो. जेट म्हणजे बारीक भोकाचे पितळी तुकडे, त्यांतून पेट्रोल इंजिनाकडे जातं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 स्प्लेंडरला कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, त्यांच्या मालकांना याचा उपयोग नाही.

किट घेण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर लावा. साइड स्टँडवर फ्लोट तिरका होतो आणि चांगला कार्ब्युरेटरही कधीकधी ठिबकतो. मग इंजिन गार असताना, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू ठेवून, नळीखाली बाटली धरा आणि चेंबरचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीभर पेट्रोल जोरात वाहू द्या. टाकीतला गंज किंवा कचरा निडलखाली अडकला असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच निघून जातो. बाटलीच्या तळाशी तांबूस कण दिसले तर दोष टाकीचा आहे. टाकी आणि कॉकची जाळी धुतल्याशिवाय नवी निडल बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

तरीही गळत असेल तर ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्ब्युरेटरच्या अंगाला उभी धरा आणि स्क्रू सैल करा. नळीतली पातळी चेंबरच्या जोडाच्या खाली थांबायला हवी. वर चढतच राहिली तर निडल, सीट किंवा फ्लोट बघा. पातळी बरोबर आहे आणि तरी गळतंय, तर चेंबरमधल्या, जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या उभ्या पितळी नळीला चीर असते किंवा ड्रेन स्क्रूची ओ-रिंग गेलेली असते. चेंबर काढून त्यात त्या नळीच्या तोंडाच्या किंचित खालपर्यंत पेट्रोल भरून ठेवा. खालून थेंब आला की चोर सापडला. चिरलेल्या नळीवर हा किट काहीच करू शकत नाही, चेंबर बदलावा लागतो.

आता किटमधली निडल. पाकिटातून काढल्या काढल्या ती जुनीच्या शेजारी ठेवून लांबी बघा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही पेट्रोलची पातळी बदलतो. मागची बारीक पिन नखाने दाबा, ती आपोआप परत वर यायला हवी. रबरी टोकावर उजेडात भिंग धरा: जुन्यावर सीटची गोल खाच पडलेली दिसेल, नव्यावर साच्याची कड राहिलेली नसावी. स्वस्त किटांत नेमकी हीच कड राहते आणि नवी निडलही गळते. दुकानातच पाकीट फोडून बघू द्या म्हणावं. निडल फ्लोटला अडकवणारी तारेची क्लिप किटमध्ये नसेल तर जुनी जपून ठेवा.

पितळी सीट बॉडीतच ठोकलेली असते, ती किटमध्ये मिळत नाही. कापसाच्या काडीला थोडं मेटल पॉलिश लावून फिरवा आणि पेट्रोलने धुवून टाका. पॉलिश पेपर आत घालू नका. जोडल्यावर, चेंबर लावण्याआधी, कार्ब्युरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकर मारा. हवा अडली पाहिजे, बोटाने फ्लोट उचलला की सुटली पाहिजे. फ्लोट कानाशी हलवून बघा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरलंय, निडल कितीही चांगली असो.

जेट मात्र बदलू नका. मूळ पितळी जेट सहसा झिजत नाहीत, फक्त तुंबतात; कार्ब क्लीनर आणि हवेने साफ होतात. तार घातली की भोक मोठं होऊ शकतं. किटच्या जेटवरचा आकडा जुन्याशी जुळला तरी भोक तेवढंच असेल याची खात्री नसते, आणि मग मायलेज पडतं. ट्युनिंगचा स्क्रूही जुनाच बरा. काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे होतात ते लिहून ठेवा.

ओ-रिंगचं काम मध्यम. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये साधं रबर फुगतं, आणि पाकिटावर रबर कोणतं ते लिहिलेलं नसतं. मोठी ओ-रिंग रात्रभर झाकणाच्या बाटलीत पेट्रोलमध्ये बुडवा. सकाळी खाचेत बसली तर लावा, ढिली पडली तर कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कंपनीची सुटी ओ-रिंग आणा. निडलही तिथलीच मिळाली तर किटच्या फंदात पडू नये; पैसे थोडे जास्त जातात, पण काम एकदाच करावं लागतं.

गळणारं पेट्रोल इंजिनातही उतरू शकतं, म्हणून शेवटी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर गाडी सुरू न करता आधी ऑइल बदला.