जुनिपर बेरी: अख्खी, ताजी, पूड की तेल?

जुनिपर हा पाइनच्या वासाच्या झुडपाच्या निळ्या-काळ्या दाण्यांचा मसाला. तो स्वयंपाकात आणायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो तो कोणत्या रूपात घ्यायचं याचा. आमचं मत स्पष्ट आहे. वाळवलेले अख्खे दाणे घ्यावेत आणि वापरायच्या वेळी ठेचावेत. ताजे दाणे चवीला त्याहून सरस असतात, पण झुडूप ओळखता येणाऱ्यानेच ते तोडावेत. तयार पूड घेऊ नये. तेल तर स्वयंपाकघरात नकोच.

बेरी म्हणत असले तरी हे फळ नव्हे. देवदार-पाइनसारख्या झाडांना जो शंकू येतो, त्याचीच ही मांसल आवृत्ती. तीन खवले फुगून एकत्र मिटतात, म्हणून दाण्याच्या टोकाला तीन रेघांची चांदणी दिसते. पिकायला दोन ते तीन वर्षं लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवे आणि निळे-काळे दाणे शेजारीशेजारी असतात. हिरव्या दाण्यात राळेचा उग्रपणा आणि कडवटपणा जास्त असतो. पिकलेल्यात पाइनचा वास, लिंबाच्या सालीची झाक आणि गराचा हलका गोडवा येतो. स्वयंपाकाला हा पिकलेलाच हवा.

वाळवलेले अख्खे की पूड?

जुनिपरची चव अल्फा-पायनीन, सबिनीन, मायर्सीन अशा उडून जाणाऱ्या घटकांत असते. दाणा अख्खा असेपर्यंत साल त्यांना धरून ठेवते. दळल्यावर ते हवेत उडतात, आणि जे उरतात त्यांचा हवेशी संयोग होऊन टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो. पुडीत कडू बियाही बारीक दळलेल्या असतात. त्यांचा कडूपणा रश्श्यात उतरला की तो काढता येत नाही. शिवाय दळण्याआधी दाणे कसे होते, हे पूड पाहून कळत नाही.

अख्खा दाणा मात्र बोटांत धरून पारखता येतो. चांगला दाणा दाबला की किंचित चेपतो, बोटाला जरा चिकटतो आणि लगेच वास सुटतो. खडखडीत, बिनवासाचा दाणा टाकून द्यावा. दाण्यावर पांढुरका थर दिसला तर घाबरू नका. तो नैसर्गिक मेणाचा असेल तर चोळल्यावर जातो आणि खालून काळी चमक दिसते. थर कापसासारखा तंतुमय असेल आणि वास कुबट येत असेल, तर ती बुरशी आहे. मग सगळी बरणीच टाकावी. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधारात ठेवलेले दाणे वर्षभर तरी चांगले राहतात.

मांसाला चोळायला पूडच हवी असेल तर ती ऐनवेळी करावी. 1 किलो मांसाला 8 दाणे आणि चमचाभर जाडं मीठ खलबत्त्यात कुटावं. मिठाशिवाय कुटलं तर गर चिकटून गोळा होतो, आणि मिक्सरमध्ये तो पात्याखाली बसून राहतो.

किती आणि केव्हा घालायचं?

चार माणसांच्या पदार्थाला 5–6 दाणे पुरतात. पहिल्यांदा 4च घाला. जुनिपर जास्त झालं की पदार्थाला फर्निचरच्या पॉलिशचा वास येतो, आणि तो झाकायला दुसरा मसाला उपयोगी पडत नाही. दाणे सुरीच्या पात्याने फक्त फुटतील एवढेच दाबावेत. सुगंधी घटक तेलातुपात विरघळतात, म्हणून मंद आचेवर लोण्यात मिनिटभर परतून घ्यावेत. आच मोठी झाली तर वास स्वयंपाकघरात पसरतो आणि पदार्थात काहीच उरत नाही. मंद शिजणाऱ्या मांसात ते सुरुवातीलाच घालून झाकण ठेवावं, कारण वाफेबरोबर सुगंधही जातो. झटपट सॉसमध्ये शेवटची 10 मिनिटं पुरेशी आहेत.

हरणाच्या मांसाला आणि रानपक्ष्यांना जुनिपर युरोपात पिढ्यान्‌पिढ्या लावतात, कारण त्या मांसाचा उग्र वास ते कापतं. फ्रान्सच्या आल्सास भागातल्या शुक्रूत या आंबवलेल्या कोबीच्या पदार्थातही ते असतंच. कोबी आंबवताना 1 किलो कोबीला 20 ग्रॅम मीठ आणि 8 दाणे घ्यावेत, पण इथे ते ठेचू नयेत. कित्येक आठवडे मुरताना अख्ख्या दाण्यातूनही पुरेशी चव उतरते. मांसाहार नसेल तर मशरूम आणि भाजलेलं बीट यांच्याशी जुनिपर उत्तम जमतं.

ताजे तोडावेत का?

चवीसाठी जरूर. तोडल्या क्षणी दाणा सर्वात सुगंधी असतो, म्हणून वाळलेल्या 4 दाण्यांच्या जागी ताजे 3 घ्यावेत. वाळवायचे तर सावलीत एका थरात पसरावेत. ओव्हनच्या उष्णतेने सुगंध उडतो.

खरी जोखीम आहे ती ओळखण्यात. खायची जात ज्युनिपेरस कम्युनिस. तिची पानं सुईसारखी टोचरी असून तीन-तीनच्या झुबक्यात येतात, आणि प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला एकच पांढरा पट्टा असतो. ज्युनिपेरस सबिना ही जात विषारी आहे. तिच्या प्रौढ फांद्यांवर खवल्यांसारखी चपटी पानं असतात, पण कोवळ्या फांद्यांवर सुयाही दिसतात, त्यामुळे एकच फांदी बघून निर्णय घेऊ नये. दाणे तिचेही निळे-काळेच. बागेतल्या शोभेच्या झुडपाची जात पक्की ठाऊक नसेल तर तोंडात काही घालू नका.

तेल आणि सुरक्षितता

एका वाळलेल्या दाण्याचं वजन ढोबळमानाने 0.1 ग्रॅम आणि त्यात 1 टक्का तेल धरलं, तर तेलाच्या एका थेंबात 30हून अधिक दाण्यांचा अर्क येतो. थेंब-दोन थेंबांची चूक म्हणजे किती, याचा अंदाज यावरून यावा. पोटात घेण्यासाठी हे तेल स्वतःहून वापरू नये.

दाण्यांचं तसं नाही. जर्मनीच्या कमिशन ई या तज्ज्ञ समितीने औषधी मात्रा दिवसाला 2 ते 10 ग्रॅम वाळलेले दाणे अशी दिली होती, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय 4 आठवड्यांपेक्षा जास्त नाही. पदार्थातून माणशी दीड दाणा पोटात जातो, म्हणजे 0.15 ग्रॅम. निरोगी प्रौढाला त्याची भीती नाही. मात्र गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात जुनिपर टाळावं. लघवी वाढवणारी, मधुमेहाची किंवा लिथियमची औषधं चालू असतील तर काढा किंवा कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

ज्यांना जुनिपर चालत नाही, त्यांनी 5–6 दाण्यांऐवजी अर्धा चमचा चिरलेली रोझमेरी आणि लिंबाच्या सालीची एक पट्टी घालावी. रोझमेरीतही अल्फा-पायनीन असल्याने पाइनची झाक मिळते. ऑलस्पाइस अनेकदा पर्याय म्हणून सुचवतात, पण त्याची चव लवंगेकडे जाते. जिनमध्ये जुनिपर असतं खरं, पण सोबत धणे, अँजेलिका नावाचं सुगंधी मूळ असंही असतं आणि शिजवून सगळं अल्कोहोल उडत नाही, म्हणून गरोदर बाईसाठी जिन हा पर्याय नाही.