पोती शिवायच्या सुती दोऱ्याची फडकी: वर्षभर वापरून

सांगलीत विश्रामबागला, विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला माझं जेवणाच्या डब्यांचं काम आहे. बावीस डबे, दोन वेळचे. ओटा दिवसातून किती वेळा पुसते ते मोजत नाही, फडकी मात्र मोजते, कारण ती संपतात. पूर्वी सासूबाईंच्या सुती नऊवारी साड्या होत्या. एक साडी फाडली की दोन-तीन महिने बघायला नको. आता घरात सुती कुणी नेसत नाही. जुन्या साड्या निघतात त्या सगळ्या सिंथेटिक. त्यांनी ओटा पुसला तर पाणी या टोकाचं त्या टोकाला जातं, एवढंच. मायक्रोफायबरची आणून बघितली. दोन महिने बरी चालली, मग तेलाने जी चिकट झाली ती झालीच. गरम तव्याला एकदा टेकलं तर एकाची कड आक्रसून कडक झाली. तेव्हा ठरवलं, फडकी आपणच विणायची.

विणकाम मला शाळेपासून येतं. प्रश्न सुताचा होता. लोकरीच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. स्वेटरला ठीक आहे, फडक्याला नाही. ते पाणी पीत नाही आणि आचेजवळ वितळतं. मग क्रोशाचा चकचकीत सुती दोरा घेतला. दिसायला फार सुंदर फडकं झालं. पण तो दोरा गच्च पिळाचा, वरून गुळगुळीत. ओट्यावरचं पाणी त्याच्यापुढे पळायचं. शिवाय लहान लहान गुंड्या, एका फडक्याला दोन लागल्या, खर्च शंभराच्या वर गेला. ते फडकं आता देव्हाऱ्यात समईखाली घातलं आहे, तिथे शोभतं.

पोत्यांच्या दोऱ्याचं मला सुचलं गणपती पेठेत. तांदूळ घ्यायला गेले होते. दुकानातला माणूस अर्धं पोतं विकून उरलेल्याचं तोंड हाताने शिवत होता. पांढरट, मऊसर दोरा. एक तुकडा खाली पडला होता, तो उचलून उलटा पीळ दिला तर चार पदर सुटे झाले. विचारलं, “काका, हा दोरा कुठं मिळतो?” ते म्हणाले, “पुढं सुतळीच्या दुकानात. पण वहिनी, पोतं शिवायला लागतोय तो. तुम्हाला कशाला?” फडकी विणणार म्हटल्यावर त्यांनी दाभण खाली ठेवला आणि दुकान कुठलं ते नीट समजावून सांगितलं.

त्या दुकानातून मी चार कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची दोऱ्याची रिळं, घेतले. सव्वाशे ग्रॅमचा एक, चाळीस रुपयांना. दुकानदाराने सांगितलं की हे वीस नंबरचं चौपदरी सूत. नंबराचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लड्या बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर जितका लहान तितकं सूत जाड. वीस नंबरचं एक पदर अगदी बारीक असतं. त्याचे चार पदर एकत्र पिळले तरी विणायला तो दोरा बारीकच पडतो. म्हणून मी चारही कोनांचे दोरे एकदम धरते. असं धरलं की शंभर ग्रॅममध्ये साधारण दोनशे मीटर लांबी मिळते आणि आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या सुयांवर वीण छान बसते. कोन घरंगळू नयेत म्हणून चार छोट्या पातेल्यांत उभे ठेवायचे आणि पातेली पायाशी. एकाच कोनाचे चार गुंडे करून बघितले होते, पण त्यात संध्याकाळ जाते. चार कोन एकदम घेतलेले बरे.

वीण अगदी साधी आहे, सगळ्या ओळी सुलट. चार टाके घालायचे आणि एक ओळ सुलट विणायची. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, मग धागा सुईवरून फिरवून एक नवा टाका, मग ओळ संपेपर्यंत सुलट. दर ओळीला एक टाका वाढत जातो आणि कडेला जाळीची नक्षी आपोआप पडते. सेहेचाळीस टाके झाले की उतरायला लागायचं: एक सुलट, दोनांचा एक, धागा फिरवून एक, पुन्हा दोनांचा एक, बाकी सुलट. शेवटी चार टाके उरतात, ते बंद करायचे. चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत असा तिरका विणला जात असल्यामुळे फडकं ओलं झाल्यावर हातात चांगलं वळतं, वाटीच्या तळात, डब्याच्या कोपऱ्यात बोटाबरोबर जातं. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंना आडव्या वळ्या उठतात. वाळलेलं पीठ, सांडलेल्या वरणाचा थर त्या वळ्यांनीच निघतो. एका फडक्याला पस्तीस ग्रॅम सूत लागतं. अर्ध्या किलोत माझी चौदा झाली, म्हणजे एक साडेअकरा रुपयांना पडलं. माझी मेहनत यात धरलेली नाही आणि धरायचीही नाही. रात्रीची भांडी आवरल्यावर तासभर विणत बसणं ही माझी विश्रांती आहे.

पहिलं फडकं सुईवरून उतरवलं आणि लगेच नळाखाली धरलं, तेव्हा मात्र जीव खट्टू झाला. पाण्याचे थेंब वरच उभे राहिले, अळूच्या पानावर राहतात तसे. दाबलं तर आत जाईनात. सूत खोटं निघालं असंच वाटलं. मग लक्षात आलं की हे कोरं सूत आहे. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो आणि तो काढल्याशिवाय सूत पाणी धरत नाही. गिरणीत कापड धुलाईला जातं तेव्हा आधी हेच काम होतं. घरी मी स्टीलच्या पातेल्यात तीन लिटर पाणी घेतलं, तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकला आणि फडकी पाऊण तास उकळली. (अल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोड्याने काळं पडतं.) पाणी बघता बघता चहाच्या फिक्या रंगाचं झालं आणि कोंड्यासारखा वास सुटला. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढून वाळवली. मग ओट्यावर वाटीभर पाणी सांडून त्यावर फडकं नुसतं ठेवलं. चोहोबाजूंनी पाणी आत ओढलं जाताना दिसत होतं, पांढरट वळ्या एकेक करून गडद होत गेल्या. उचललं तेव्हा ओटा कोरडा. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता.

उकळल्यावर फडकं बोटभर आटतं, तेव्हा दोन-चार टाके जास्त वाढवून विणलं तरी चालेल.

हळदीचं सांगायलाच हवं, कारण पांढरं फडकं म्हटलं की सगळ्या पहिल्यांदा तेच विचारतात. सांगलीत राहून, हरिपूरच्या हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांच्या शेजारी, हळदीला घाबरून कसं चालेल? पिवळ्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. घाबरायचं कारण नाही, हळदीचा रंग साबणातल्या क्षाराने तसा बदलतो. फडकं खळखळून धुवायचं आणि भर उन्हात दोरीवर टाकायचं. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात माझं फडकं संध्याकाळपर्यंत पांढरं झालेलं असतं. रंगीत सुताच्या मोहात मी एकदा पडले होते, ऑनलाइन एक लाल सुती कोन मागवला. पहिल्याच उकळीत रंग सुटला आणि शेजारचं चक्क्याचं फडकं गुलाबी झालं. ज्याने आपण जेवायची ताटं पुसतो त्याला रंग नकोच, असं माझं मत आहे.

आता याच्या कमतरता. करपलेल्या कढईला हे फडकं उपयोगाचं नाही, तिथे काथ्या किंवा तारेची घासणीच हवी. नॉनस्टिक तवा, काचेचे पेले, कप, डब्यांची झाकणं, ओटा, गॅसची शेगडी यांना उत्तम. दुसरी अडचण पावसाळ्याची. वीण जाड असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये फडकं दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं. त्या दिवसांसाठी मी चारऐवजी तीनच दोरे धरून पातळ फडकी विणली, ती रात्रभर पंख्याखाली वाळतात. एकूण सोळा फडकी फिरती ठेवली आहेत. रोजची रोज बदलायची आणि रविवारी सगळी उकळायची. सूत ओलं झालं की कमजोर होत नाही, उलट कोरड्यापेक्षा मजबूत होतं, म्हणून एवढी उकळपाकळ सोसतं. वर्षात दोनच फाटली, आणि ती सुरीच्या धारेला अडकून.

विणताना हाताला त्रास होतो हेही खरं. लोकर ताणली की सैल होते, सूत ताणत नाही, सगळा भार मनगटावर येतो. सलग तासापेक्षा जास्त मी विणत नाही. शिवाय चार दोरे सुटे असल्यामुळे सुईचं टोक कधी तीनच उचलतं, चौथा मागे लोंबत राहतो. ओळ संपली की फडकं उलटून बघायची सवय लावली. सुया मी बांबूच्या घेतल्या. आईच्या जुन्या पोलादी सुया 2019 च्या पुरात गावभागातल्या घरात राहिल्या आणि गंजल्या. त्या मी टाकल्या नाहीत, पण पांढऱ्या सुताला त्या लावता येत नाहीत. अल्युमिनियमच्या सुयांनी माझ्या सुतावर करडी झाक यायची. बांबूवर ती येत नाही आणि टाकाही घसरत नाही.

घेताना एक तपासणी करा. दुसऱ्या खेपेला मी वेगळ्या दुकानात गेले होते. “कॉटनच आहे ताई,” म्हणून दिलेला दोरा घरी आल्यावर पॉलिस्टर निघाला. तेव्हापासून दुकानाच्या दारातच वीतभर दोरा मागून काडी लावते. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि चिमटीत मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतो. दुकानदाराला आधी सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. कोनावरच्या गाठीही बघून घ्या. माझ्या एका कोनात तीन निघाल्या, त्या विणीच्या आत ढकलाव्या लागल्या.

कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्यांदा हे फडकं पसंत नव्हतं. “ताई, एवढं विणून त्यानं ओटा पुसायचा व्हय?” असं म्हणायच्या आणि घडी करून बाजूला ठेवायच्या. आता सकाळी आल्या की आधी तेच शोधतात. दिवाळीला त्यांनी साडीबरोबर चार फडकी मागून घेतली. एक त्यांच्या सुनेने बाळाचं अंग पुसायला ठेवून घेतलंय. तिच्यासाठी आता मोठं विणायला घेतलं आहे, सत्तर टाक्यांचं.

गणपती पेठेत विचारताना ‘विणायचं सूत’ म्हणू नका, लोकरीच्या दुकानाकडे पाठवतात. ‘पोती शिवायचा दोरा, चौपदरी, सुती, कोरा’ असं म्हणा, आणि चार कोन एकाच लॉटचे मागा.