झिजलेल्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेली 19 वर्षे मी दोन्ही जबड्यांत कवळी वापरते. वरची टाळ्याला धरून राहते. खालची मात्र हाड झिजत गेल्यामुळे बोलतानाही जिभेबरोबर उचलली जायची आणि चिकट पेस्ट लावूनही जेवण संपेपर्यंत टिकायची नाही.

सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये, दाढांच्या जागी नसेच्या वर जेमतेम 5 मिलिमीटर हाड दिसले, तर हनुवटीकडे 13. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या आतून येऊन उपदाढांच्या आसपास बाहेर पडते, म्हणून तिच्या डाव्या-उजव्या छिद्रांमधला पुढचा भाग इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात बसवायच्या स्क्रूसारख्या कृत्रिम मुळांसाठी, त्यातल्या त्यात सुरक्षित असतो. पहिल्या दवाखान्यात मला कमरेचे हाड काढून जबड्यावर बसवण्याचा किंवा नस बाजूला सरकवून मागेही इम्प्लांट लावण्याचा सल्ला मिळाला. नस सरकवल्यास ओठ कायमचा बधिर राहू शकतो, हे मात्र मी खोदून विचारल्यावरच सांगण्यात आले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

दुसऱ्या तज्ज्ञांनी, मागचे दोन तिरके घालून, चार इम्प्लांटवर पक्के दात किंवा दोन इम्प्लांटवर काढता-घालता येणारी कवळी, असे पर्याय ठेवले. 2002 साली मॅकगिल विद्यापीठातील तज्ज्ञांच्या परिषदेनेही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानला होता. वय आणि मधुमेह पाहता मी तोच निवडला. जागा बधिर करून तासाभरात काम झाले, सूज चार दिवसांत उतरली आणि इम्प्लांट हाडात रुजेपर्यंत तीन महिने आतून मऊ अस्तर लावलेली जुनी कवळी वापरली.

आता कवळी टचकन बसते आणि ज्वारीची भाकरी मी आमटीत न कुस्करता खाते. इतक्या वर्षांनी हे सुख मिळेल असे वाटले नव्हते. तरीही दोन इम्प्लांट कवळीला पुढून धरून ठेवतात, मागे चावण्याचा भार हिरडीवरच पडतो, हे आधी नीट समजून घ्यायला हवे होते. शेंगदाणे खाल्ले की तिथे अजूनही दुखते, तीळ आणि पेरूच्या बिया खाली अडकतात. रोज रात्री कवळी काढून इम्प्लांटच्या टोकांभोवती मऊ ब्रशने घासावे लागते. पकड सैल झाल्यामुळे आठव्या महिन्यात कवळीतील, इम्प्लांटला धरून ठेवणाऱ्या नायलॉनच्या चकत्या बदलाव्या लागल्या. हा खर्च अधूनमधून येणारच आहे. हनुवटीवर बोट फिरवले, तर दोन्ही बाजूंना स्पर्श सारखाच कळतो.